पुन्हा गायलेलं गाणं मुळावर मात करतं का? (गीतरामायण, कुमार, कट्यार आणि बरीच भांडणं)

जुनी तबकडी (धागाकर्ता)

रामनवमीला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी 'जेथे राघव तेथे सीता' टाकलं. माणिक वर्मांच्या आवाजातलं, रेडिओवरचं. लगेच खाली शेरा आला, "गायल्यात छान, पण ओरिजिनलची सर नाही." ओरिजिनल म्हणजे बाबूजींचं, सुधीर फडक्यांचं, हे वेगळं सांगायला नको.

आता गंमत बघा. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर सुरू झालं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी. आठवड्याला एक अशी ५२ गाणी ठरली होती, अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, गायक मात्र बरेच. कौसल्येला ललिता फडके, सीतेला माणिक वर्मा, विश्वामित्राला राम फाटक, 'माता न तू, वैरिणी' म्हणणाऱ्या भरताला वसंतराव देशपांडे. रामाचा आवाज बाबूजींचा. पुढे १९५८ पासून बाबूजी एकटेच ही गाणी जाहीर कार्यक्रमांत म्हणू लागले. तबकड्या निघाल्या, कॅसेटी निघाल्या, आणि आज गीतरामायण म्हटलं की सगळ्यांच्या कानात एकच आवाज येतो. म्हणजे माणिकताईंचं गाणं वयाने मोठं, आणि लोकांच्या लेखी तेच 'कव्हर'.

माझं मत आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल धागा काढून पळाला. पुन्हा गायलेलं गाणं मुळाच्या पुढे जाऊ शकतं, आणि गीतरामायणात ते गेलं आहे. अट एवढीच, की दुसऱ्याला त्या चालीत असं काहीतरी सापडायला हवं ज्याला पहिल्याच्या वेळी जागा नव्हती. हुबेहूब नक्कल कधीच पुढे जात नाही, कितीही सुरेल असो.

बोला. रिमिक्सवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

---

काळी चार

मी गाते आणि गीतरामायणातली सीतेची, कौसल्येची गाणी अनेकदा म्हटली आहेत, म्हणून बोलते. बाबूजींबद्दल एक अक्षर वावगं काढणार नाही. पण पुरुषाच्या आवाजातली सीता ही सीता नसते हो, सीतेबद्दल कुणीतरी सांगतंय असं वाटतं. 'सावळा ग रामचंद्र' ललिताबाईंनी म्हटलंय त्यात एक आई मांडी घालून बसलेली आहे. बाबूजी म्हणतात तेव्हा त्या आईचं वर्णन ऐकू येतं. सुंदर वर्णन, पण वर्णनच.

पुढे गेलं असं म्हणताना तुम्ही 'जास्त लोकांपर्यंत गेलं' असं म्हणताय का? ते मान्य.

---

पेटीवाला

काळी चार ताईंशी अर्धा सहमत.

साथीला बसणाऱ्याच्या बाजूने सांगतो. गीतरामायणातलं गाणं बांधायला सोपं आणि निभवायला महाकठीण. 'पराधीन आहे जगती' घ्या. यमन कल्याण, एकामागून एक कडवी, आणि जवळजवळ प्रत्येक कडव्याला चाल तीच. नवखा गायक तिसऱ्या कडव्याला घाबरतो आणि हरकती घालायला लागतो. लोकांना कंटाळा येईल अशी भीती. बाबूजी चालीला हात लावत नाहीत, वजन हलवतात. एका कडव्यात क्रियापदावर थांबतील, दुसऱ्यात नामावर, तिसऱ्यात ओळ संपायच्या आत श्वास तोडतील. मुखड्यावर परत येताना तो दर वेळी थोडा वेगळा लागतो, आणि स्वरलिपी काढलीत तर फरक कागदावर दिसणारच नाही. मी सुरुवातीला नोटेशन घेऊन बसायचो, काही उपयोग नसे. शब्द पाठ केले तेव्हा साथ जमायला लागली.

हे गाणं रेडिओवरही त्यांचंच होतं, त्यामुळे तिथे तुलना नाही. पण हीच रीत त्यांनी बाकीच्यांच्या गाण्यांना लावली आणि वर्षानुवर्षं श्रोत्यांसमोर घासून पुसून लख्ख केली. रेडिओवरच्या गायकांना तो वाव कुठे होता? दर आठवड्याला नवं गाणं, नवी चाल, शिकायचं, म्हणायचं, पुढचं. माणिकताईंना 'जेथे राघव' शेकडो कार्यक्रमांत म्हणायला मिळालं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

---

बिनपाण्याची शाई

तांत्रिक मुद्दा. चाल ज्याची तोच गातोय, त्याला कव्हर कसं म्हणायचं? बाबूजींनी दुसऱ्यांना उसनं दिलेलं परत घेतलं इतकंच. या न्यायाने सगळे संगीतकार स्वतःचीच नक्कल करणारे ठरतील.

---

जुनी तबकडी

@काळी चार: 'वर्णन' म्हणालात ते फार नेमकं आहे, पण ते माझ्या बाजूने जातं! पहिलंच गाणं आठवा, 'स्वये श्री रामप्रभू ऐकती'. कुश आणि लव रामासमोर बसून रामायण गात आहेत. म्हणजे गदिमांनी चौकटच अशी ठेवली आहे की कौसल्या, सीता, भरत, शूर्पणखा, सगळ्यांची गाणी ती दोन मुलंच म्हणत आहेत. एका गळ्याने सगळी पात्रं उभी करायची ही आपल्या कीर्तनाची रीत. बुवा उपरणं डोक्यावर घेतात की झाली कैकेयी. रेडिओने त्याची श्रुतिका केली, बाबूजींनी पुन्हा आख्यान केलं. मला दुसरं जास्त योग्य वाटतं.

@बिनपाण्याची शाई: वकील दिसता.

---

बिनपाण्याची शाई

आहेच. आणि त्याच नात्याने एक मजेशीर गोष्ट सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम ३१ सी आलं. मूळ गाण्याचं ध्वनिमुद्रण झाल्यापासून पाच वर्षांनंतर, स्वामित्वधन भरून तुम्ही त्याचं कव्हर काढू शकता. पण अट अशी, की तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य असेल तेवढं सोडून गाण्यात बदल करायचा नाही. त्याआधी ही मुदत दोन वर्षांची होती.

म्हणजे कायद्याच्या या वाटेने जायचं तर नक्कलच करावी लागते. धागाकर्त्यांच्या सिद्धांतानुसार नक्कल कधीच पुढे जात नाही. तेव्हा मुळावर मात करायची असेल तर हक्कदाराच्या पाया पडून वेगळी परवानगी आणा, किंवा गाणं इतकं जुनं निवडा की हक्कच संपलेले असतील. नाट्यसंगीतवाले सुखी आहेत ते यामुळेच.

---

गाळीव रत्न

दोन वर्षांची मुदत म्हणताच आमचं अख्खं बालपण डोळ्यांसमोर आलं. टी-सीरीजचं साम्राज्य ऐंशीच्या दशकात उभं राहिलं त्यात या व्हर्जन गाण्यांचा वाटा मोठा. मूळ रफी-लता-किशोर एचएमव्हीकडे, आणि त्या कॅसेटी महाग. यांनी नव्या गळ्यांकडून तीच गाणी गाऊन घेतली आणि स्वस्तात पानाच्या टपरीपर्यंत पोचवली. सोनू निगम पुढे आला तो रफींची गाणी म्हणूनच.

आमच्या घरी त्याच कॅसेटी होत्या. मूळ रफी मी कॉलेजात गेल्यावर ऐकला आणि पहिल्यांदा मला तो चुकीचा वाटला. कानाला जे आधी लागतं तेच मूळ. बाकी सगळी मतं नंतर बनतात.

---

मुक्काम पोस्ट साखळी

नाट्यसंगीताचा विषय निघाला म्हणून गोव्याहून हजेरी.

'मूळ' शोधायला निघालात तर सापडणार नाही, आधीच सांगतो. मानापमान १९११ चं. खाडिलकरांची पदं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंब्यांनी चाली आणल्या कुठून? पूरबेकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांतून. एकच प्यालातल्या कितीतरी चाली सुंदराबाईंच्या गाण्यांवरून घेतलेल्या. म्हणजे ज्याला आपण बालगंधर्वांचं मूळ पद म्हणतो ते आधीच कुठल्यातरी बैठकीतल्या बाईच्या चिजेचं दुसरं रूप आहे. तिचं नाव तरी कुणाला ठाऊक असतं?

पुढचं ऐका. त्याच मानापमानातला धैर्यधर आमच्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी केला. त्यांनी काही पदं टेंब्यांच्या वाटेने न म्हणता स्वतःच्या ढंगाने, वेगळ्या चालीत म्हटली. आज 'चंद्रिका ही जणू' कुणी म्हणायला घेतलं की दीनानाथांचं वळणच घेतो. सवाई झालं की नाही? मग तीच दीनानाथांची पदं आशाताईंनी म्हटली. 'परवशता पाश दैवे', 'युवती मना', 'मर्मबंधातली ठेव ही'. आता तिथे कुणी कुणावर मात केली ते ठरवा.

माझं उत्तर: 'युवती मना'त आशाताई, 'परवशता'त दीनानाथ. का ते विचारू नका, भांडण होईल.

---

आगाऊ कार्टं

विचारतो. का?

---

मुक्काम पोस्ट साखळी

अरे बाबा.

दीनानाथांच्या तबकड्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. रंगमंचावर वन्समोअर घेत तासभर रंगवायचं पद तेवढ्यात कोंबायचं, तेव्हा ताना अंगावर आल्यासारख्या येतात. 'परवशता' रणदुंदुभीमधलं, म्हणजे १९२७ चं, देश पारतंत्र्यात. तिथे ती घाई, तो तडफडाट, तो किंचित खरखरीत ध्वनी, सगळं पदाच्या बाजूने काम करतं. आशाताईंचं स्वच्छ आहे, प्रत्येक तान मोजून घ्यावी इतकं स्वच्छ, पण त्यात परवशता नाही. 'युवती मना'त उलट. तिथे खट्याळपणा लागतो आणि तो आशाताईंकडे वडिलांपेक्षा जास्त आहे. दीनानाथ असते तर तेही हसून हो म्हणाले असते असं मला आपलं वाटतं.

---

संध्याछाया

चर्चा छान चालली आहे म्हणून लिहायचा धीर करते. कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व' कुणीच कसं काढलं नाही अजून? या विषयावरचा खरा खटला तोच.

बालगंधर्व हयात असतानाच कुमारांनी त्यांची पदं आपल्या गायकीतून मांडली. आमच्या घरात यावरून दोन तट होते. माझे वडील गंधर्वभक्त, काका कुमारांच्या देवासकडे तोंड करून बसलेले. मी वडिलांच्या पक्षात होते आणि अजूनही आहे. कारण सांगते. 'नाथ हा माझा' म्हणणारी रुक्मिणी आहे. तिने अजून कृष्णाला वरलेलं नाही, तरी मनाने ती त्याची झाली आहे. बालगंधर्वांच्या आवाजात त्या 'नाथ' शब्दाला पदराची चाळवाचाळव असते. लाजणं सुरातच असतं, वेगळं करून दाखवावं लागत नाही. ऑर्गन, सारंगी आणि तिरखवाँसाहेबांचा ठेका यांच्यामधून तो आवाज असा सरकत जातो की ताल कुठे धरला आणि कुठे सोडला ते कळत नाही. कुमारांकडे पदाची आकृती येते, लखलखीत येते, पण रुक्मिणी येत नाही. येतात ते कुमारच. फार मोठे आहेत, नमस्कार. पण मला रुक्मिणीला भेटायचं असतं.

---

पेटीवाला

संध्याताई, तुमच्या वडिलांच्या पक्षात मीही बसलो असतो, पण एक हरकत घेतो. कुमारांनी नावातच सांगून टाकलंय, 'मला उमजलेले'. ते रुक्मिणी करायला बसलेच नव्हते, बालगंधर्व नावाच्या गवयाचा अभ्यास मांडत होते. बालगंधर्व रागाला शिवतात आणि निघून जातात, शब्दाच्या आडून एखादा भलताच सूर लावतात, ते सगळं नाटकात वाहून जायचं. लोक बाईकडे बघत असत, गवयाकडे नाही. कुमारांनी बाई बाजूला केली आणि गवई दाखवला. त्यानंतर बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या मी वेगळ्या कानांनी ऐकायला लागलो. मात-बित सोडा, दुसऱ्या गायकाने पहिल्या गायकाला इतकं परत द्यावं हे किती वेळा होतं?

---

संध्याछाया

"बाई बाजूला केली" हे तुम्हीच लिहिलंत. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

---

जुनी तबकडी

हाहा. पेटीवाले, अडकलात.

पण संध्याताई, सौभद्राचं काय करायचं? किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ चं. सुभद्रेची पदं आपण बालगंधर्वांची म्हणतो, पण पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांची. भाऊराव १९०१ ला गेले, आणि भारतात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ ला. एका वर्षाने हुकलं! बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ मध्ये. त्या वेळी थिएटरात नक्कीच कुणीतरी म्हातारा मान हलवत म्हणाला असेल, "पोरगा गोड गातो, पण भावड्याची सर नाही." तो म्हातारा बरोबर होता की नाही, ते तपासायला आपल्याकडे काहीच नाही. मूळ हरवलं म्हणून दुसरं मूळ झालं.

---

आगाऊ कार्टं

आता मला बोलू द्या, आणि रिमिक्स नाही हं काका, घाबरू नका.

मी 'कट्यार काळजात घुसली' पाहिली ती २०१५ च्या सिनेमात. खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडेंचा आवाज, पंडितजी शंकर महादेवन. त्याआधी वसंतराव देशपांडे हे नाव फक्त आजोबांच्या तोंडी ऐकलं होतं. 'घेई छंद' वर्षभर मोबाईलवर चालू होतं. मग एकाने १९६७ च्या नाटकातलं ऐकवलं. खरं सांगू? पहिल्यांदा पचलंच नाही. आवाज मध्येच कुठेतरी फेकतात, सूर लागेल असं वाटतं तिथे लागत नाही आणि भलतीकडे जाऊन लागतो. सिनेमातलं नीट कापलेलं, आखीव. आता उलट झालंय. राहुलदादांचं ऐकताना पुढे काय येणार ते माहीत असतं. वसंतरावांचं शंभराव्यांदा ऐकलं तरी माहीत नसतं.

पण सिनेमा नसता तर मी तिथवर गेलो नसतो. याला काय म्हणायचं?

---

काळी चार

कार्ट्या, लिहितोस बरं की.

कट्यारची एक मौज सांगते. हा धाग्याचा विषय त्या नाटकातच आहे! 'घेई छंद मकरंद' नाटकात दोन चालींत येतं. पंडितजींचं संथ, आत वळलेलं, आणि खाँसाहेबांचं चपळ, आक्रमक. शब्द तेच, दारव्हेकरांचे. दोन्ही चाली अभिषेकीबुवांच्या. सगळं नाटक त्या दोन घराण्यांच्या चुरशीवर उभं, आणि बुवांनी दोन्हीकडे सारखाच जीव ओतला. भार्गवराम आचरेकरांचं संथ 'घेई छंद' आज किती जणांच्या ओठांवर आहे? वसंतरावांचं सगळ्यांच्या. खाँसाहेब नाटकातही जिंकतात आणि बाहेरही, आणि मला दर वेळी पंडितजींचं वाईट वाटतं. संथ चालीत त्या शब्दांना जास्त हवा मिळते असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

पेटीवाला

+१. आणि संथ चाल म्हणायला जास्त अवघड, हे कुणी बोलत नाही. द्रुत चालीत गळा तयार असला की निम्मं काम भागतं.

---

रेवती न्यूजर्सी

इकडे हा वाद वेगळ्या गाण्यांवरून ऐकते. लेकीने परवा विचारलं, 'रिस्पेक्ट' अरीथा फ्रँकलिनचंच ना? नाही. ते ओटिस रेडिंगने लिहिलं आणि १९६५ मध्ये म्हटलं. त्यात घरी परतलेला नवरा बायकोकडे मान मागतो. अरीथाने १९६७ मध्ये तेच गाणं घेतलं आणि मागणारी बाई केली. आर-ई-एस-पी-ई-सी-टी असं एकेक अक्षर ठणकावून सांगणं तिचं, ओटिसच्या गाण्यात ते नाहीच. त्याच वर्षी मॉन्टरेच्या महोत्सवात ओटिस स्वतःच मंचावरून हसत हसत म्हणाला, की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून पळवलं.

काळी चार, तुझ्या मुद्द्याला हे उलटं उदाहरण आहे का गं? पुरुषाचं गाणं बाईच्या गळ्यात गेलं आणि तेव्हाच त्याला खरा अर्थ आला. बाईचं गाणं पुरुषाच्या गळ्यात गेलं की मात्र वर्णन होतं म्हणतेस.

---

काळी चार

बरोब्बर पकडलंस. नाही, नियम म्हणून सांगत नाहीये. अरीथाने गाण्यातला माणूसच बदलला. तिच्या गाण्यात नवरा कुठे उरतो? बाबूजींनी सीता बदलली नाही, सीतेचेच शब्द, सीतेचाच प्रसंग, गळा तेवढा निवेदकाचा. हा फरक आहे. तबकडीकाका त्याला कीर्तन म्हणतील. म्हणू देत.

तसं तर 'आज जाने की ज़िद ना करो'चं बघ. १९७३ च्या 'बादल और बिजली' या पाकिस्तानी सिनेमात ते हबीब वली मोहम्मद यांनी म्हटलंय, चाल सोहेल राणा यांची. पुरुषाचं गाणं. फरीदा खानुमने घेतलं आणि आता हबीबसाहेबांचं ऐकवलं तर लोक विचारतात हे कोण नवीन. फरीदाने लय अशी ढिली सोडलीय की तबलजीला प्रत्येक समेची वाट बघावी लागते. जाऊ नको म्हणणारी बाई घाईत कशी म्हणेल? हबीबसाहेब सिनेमाच्या मीटरमध्ये अडकले होते. इथे मी मात झाली असं बिनदिक्कत म्हणते.

---

गाळीव रत्न

आणि आता त्याच गाण्याची युट्यूबवर 'अनप्लग्ड' आवृत्ती पोत्याने मिळते. गिटारचे चार कॉर्ड, मागे पिवळे दिवे, गायकाचे डोळे मिटलेले. शुक्रतारालाही सोडलं नाही मेल्यांनी. खळ्यांची चाल! त्यातली एक श्रुती इकडची तिकडे झाली तर खळेकाका ध्वनिमुद्रण थांबवतील अशी ख्याती, आणि हे लोक अवघड जागा आली की सरळ सपाट सुरावरून निघून जातात. वर लिहितात, 'आमचं व्हर्जन'. अरे तुम्हाला जमलं नाही ते तुमचं व्हर्जन काय?

---

आगाऊ कार्टं

काका, शांत. काही चांगलीही आहेत.

---

गाळीव रत्न

असतील. पाठव. ऐकतो आणि मग शिव्या घालतो.

---

बिनपाण्याची शाई

अवांतर: आनंद भाटे कुठे बसतात या सगळ्यात? 'बालगंधर्व' चित्रपट, २०११. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यातल्या गायनाला. भूमिका सुबोध भावेची, आवाज भाट्यांचा, आणि काम असं की बालगंधर्वच वाटले पाहिजेत. धागाकर्ते म्हणतात नक्कल पुढे जात नाही. इथे तर नक्कल हीच मागणी होती.

---

जुनी तबकडी

चांगला पेच टाकलात. माझ्या मते भाट्यांनी नक्कल केलेली नाही. आवाज फेकण्याची जात गंधर्वांची, पण त्या आवाजाला आजच्या ध्वनिमुद्रणाची खोली मिळाली, आणि तबकडीने गिळलेले बारीक तुकडे ऐकू आले. बालगंधर्वांचे ऐन उमेदीतले बहुतेक ध्वनिमुद्रण ७८ च्या तबकड्यांवर. त्यांचा मंद्रातला आवाज खरा कसा होता, हे अंदाजानेच ठरवायचं. भाटे ऐकताना तो अंदाज मला बसतो. पण भाट्यांना आठवून मी बालगंधर्व ऐकायला जातो, बालगंधर्व आठवून भाट्यांकडे जात नाही. तेव्हा मात नाही.

बाबूजींच्या बाबतीत मात्र मी हटणार नाही. ललिताबाईंचं, माणिकताईंचं ऐकलं की मी दाद देतो, आणि लगेच बाबूजींचं लावतो.

---

संध्याछाया

लावा हो. आम्ही माणिकताईंचं लावतो. सीतेला वनात न्यायचं की नाही हे रामाने ठरवायचं, तबकडीने नाही.

---

मुक्काम पोस्ट साखळी

ताईंना वन्समोअर!

---

काळी चार

पेटीवाले, एक कामाचं विचारते. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाचं गीतरामायण आहे. ठरलंय असं, की 'जेथे राघव' मी म्हणायचं आणि लगोलग आमचे गायक 'पराधीन' म्हणणार. माझी पट्टी नावातच आहे, त्यांची पांढरी एक. मध्ये निवेदन जेमतेम अर्धा मिनिट. तबलेवाला म्हणतो दोन तबले लावून ठेवतो. तंबोऱ्याचं काय करू? आणि माझ्या षड्जातून लोकांचा कान त्यांच्या षड्जावर उतरवायचा कसा?

---

पेटीवाला

दोन तबले हवेतच. तंबोरा इलेक्ट्रॉनिकच दोन ठेवा, निवेदन सुरू झालं की तुमचा हळूहळू बंद आणि त्यांचा सुरू. निवेदकाला पहिलं वाक्य लांब घ्यायला सांगा. पेटीवर मी तुमच्या काळी चारचा षड्ज सोडून थेट पांढरी एकवर उडी घेणार नाही, ती कानाला बोचते. काळी चार हा पांढरी एकचा कोमल धैवत, आणि यमन कल्याणात तो लागतच नाही. तेव्हा तुमचा सूर धरून ठेवला तर त्यांच्या गाण्यात तो उपराच राहील. तुमचा सूर निवेदनात पूर्ण विरू द्यायचा, दोन श्वास काहीच वाजवायचं नाही, आणि मग पांढरी एकवरून खालच्या निषादाने यमनची ओळख करून द्यायची. नी-रे-ग, बस्स, लोक लगेच ओळखतात.

तालमीला कधी येऊ ते कळवा. आणि निवेदक कोण आहे? गेल्या वेळचेच असतील तर अर्धा मिनिट विसरा, पाच मिनिटं धरा.